पाणी भरपूर पितो

उजव्या पायाचा अंगठा पहिल्यांदा सुजला तेव्हा टेकडीवर पाय मुरगळला असं मी घरी सांगितलं. ते खोटं नव्हतं, मला खरंच तसं वाटलं होतं. आदल्या दिवशी तळजाईवर जाऊन आलो होतो. सकाळी उठून बघतो तर अंगठ्याच्या मुळाशी लालबुंद टेंगूळ. पंख्याचा वारा लागला तरी सहन होत नव्हता. बायकोने आंबेहळद उगाळून लेप आणला. तिचं बोट टेकलं मात्र, मी इतक्या जोरात ओरडलो की आतल्या खोलीतून आई काठी टेकत बाहेर आली.

"बाळंतपणात मी एवढी ओरडले नव्हते," बायको म्हणाली.

आईने पायाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि "लहानपणापासून असाच," एवढं बोलून परत गेली.

लेप, शेक, पुन्हा लेप. उतार पडेना, तेव्हा आम्ही बिबवेवाडीतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. रक्त तपासलं. युरिक ॲसिड वाढलेलं निघालं. "गाऊट आहे," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले. दारू? नाही. मटण, मासे? घरात कधीच नाही, बाहेरही नाही. व्यायाम? रोज टेकडी. पाणी किती पिता?

"भरपूर," मी म्हणालो.

शेजारच्या खुर्चीवरून बायकोने दुजोरा दिला. "दोन बाटल्या भरून देते मी, डॉक्टर. एक टेकडीची, एक ऑफिसची. दोन्ही रिकाम्या होऊन येतात."

रिकाम्या होऊन येत होत्या हे खरं. टेकडीची बाटली मी प्रवेशद्वाराजवळच्या एका झाडाच्या बुंध्याशी ओतायचो आणि ऑफिसची तिथल्या बेसिनमध्ये. हे आज लिहिताना सोपं वाटतंय. पण इतकी वर्षं हे वाक्य मी मनातसुद्धा पूर्ण केलेलं नव्हतं.

याचं कारण सांगायला हवं, आणि ते सांगणंच मला जड जातं. माझं ऑफिस खराडीला. कंपनीची बस बिबवेवाडीतून निघते, मार्केट यार्ड, मग हडपसरच्या बाजूने मगरपट्टा, मग मुंढवा. मुंढव्याच्या पुलावर ती किती वेळ उभी राहील हे कोणी सांगू शकत नाही. पन्नाशीच्या अलीकडे केव्हातरी मला वारंवार लघवीला जावं लागू लागलं, आणि एकदा लागली की थांबवता येईना. एका संध्याकाळी पुलाच्या अलीकडे बस अडकली आणि माझा इलाज चालेना. मी उठलो, ड्रायव्हरच्या कानाशी जाऊन हळू आवाजात विनंती केली. तो मोठ्याने म्हणाला, "काय, लघवीला? उतरा ना साहेब, कुठं चाललीय बस!" सगळ्या बसने ऐकलं. मी उतरून एका जाहिरातीच्या फलकामागे जाऊन आलो. परत चढलो तेव्हा कोणी हसलं नाही. माझ्या मुलीच्या वयाची आमची एक सहकारी पहिल्या सीटवरून उठली आणि म्हणाली, "सर, तुम्ही इथे दारापाशी बसा ना. कम्फर्टेबल पडेल."

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. हसण्यावर मला उत्तर देता येतं. त्या पोरीच्या सभ्यपणावर मला काहीच उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी दुपारच्या जेवणानंतर पाणी पिणं बंद केलं. मग सकाळचंही कमी केलं, कारण जातानाही बस होतीच. मग सुट्टीच्या दिवशीसुद्धा, सवय म्हणून. उपाय रामबाण होता. पुन्हा कधी बस थांबवावी लागली नाही. तहान लागायची, पण तहानेचं एक बरं असतं, ती कोणाला दिसत नाही.

टेकडीवर तर पाणी न पिण्याची रीतच होती. आमचा दहा-बारा जणांचा घोळका. त्याचे म्होरके एक निवृत्त बँक अधिकारी, सत्तरीचे, काटक. त्यांचा नियम असा की वर जाऊन खाली येईपर्यंत कोणी बाटलीचं झाकण उघडायचं नाही. कोणी उघडलंच तर लगेच विचारायचे, "काय हो, हिमालयात निघालात का?" किंवा, "आपण घाम गाळायला आलोय, भिजवायला नाही." आणि खाली उतरल्यावर सगळ्यांनी मिळून रसवंतीत उसाचा रस. पाण्याला यांची बंदी, पण रसाचे दोन दोन ग्लास चालायचे. "रसात काय असतं शेवटी? पाणीच की," हेही त्यांचंच. कोणाचा वाढदिवस असला की तिसरा. मला हा नियम सोयीचाच होता. घरून आणलेलं पाणी ओतून द्यायचं, वर घाम काढायचा, खाली रस प्यायचा, घरी जाऊन बाटली उलटी घालायची. सुट्टीच्या दिवशी बस नसायची, त्यामुळे रसाची भीती नव्हती. एरवी मी अर्धाच ग्लास घ्यायचो.

उन्हाळ्यात बायको त्या पाण्यात वाळा घालायची. आदल्या संध्याकाळी माठात वाळ्याची जुडी टाकायची आणि सकाळी ते पाणी गाळून बाटलीत भरायची. झाडाच्या बुंध्याशी ओतताना त्याचा वास यायचा. मी तोंड दुसरीकडे करायचो.

मुख्य गोष्ट यापुढची आहे. डॉक्टरांकडून आल्यावर बायको विचार करायला बसली. ती शाळेत गणित शिकवते, आणि घरातल्या अडचणीही तशाच सोडवते. दारू नाही, मटण नाही, व्यायाम रोज, पाणी भरपूर. मग उरलं काय? टेकडीच्या घोळक्यातल्या एका बाईंनी मला सांगितलं होतं की गाऊटला डाळ म्हणजे विष. मी ते सहज म्हणून घरी बोललो होतो. बायकोला उत्तर मिळालं. आमच्या घरातून तूरडाळ गेली.

तूरडाळ गेली म्हणजे आमटी गेली, वरण गेलं. पुढच्या झटक्यानंतर मसूर आणि मटकी गेली. त्याच्या पुढच्या झटक्यानंतर पालक आणि मटार. दर वेळी माझा अंगठा सुजला की स्वयंपाकघरातून एक डबा कमी व्हायचा. ती कधी कुरकुरली नाही. उलट नव्या नव्या भाज्या शोधायची, दुधी, पडवळ, दोडका, तांदळाची धिरडी. "बघू या आता काय होतं," म्हणायची. होणार काय होतं?

आई ऐंशीच्या पुढची. पेठेत वाढलेली. दात गेलेले, त्यामुळे तिचं जेवण म्हणजे दोन्ही वेळेला गुरगुट्या भात, वर साधं वरण, तूप, लिंबू. त्यावर ती वर्षानुवर्षं होती. बायको म्हणाली, "आई, तुमच्यापुरतं वेगळं वरण लावते मी. किती वेळ लागतो?"

"नको," आई म्हणाली. "याच्या समोर बसून मी वरण ओरपू? घशाखाली उतरेल का? एका घरात दोन स्वयंपाक मला नको. मी ताकभात खाईन."

"अहो, पण रोज ताकभात?"

"आजाऱ्याला ताकभातच देतात. मी आजारी आहे असं समज, म्हणजे तुलाही बरं वाटेल."

अशी ती ताकभातावर गेली. मी समोर बसून दुधीची भाजी खात होतो. तेव्हा बोलता आलं असतं. तोंड उघडून चार शब्द, एवढंच काम होतं. पण एकदा पाण्याचं खरं सांगितलं की बसचं सांगावं लागणार, बसचं सांगितलं की लघवीचं, आणि या दोघींच्या समोर हा शब्द उच्चारायचा या कल्पनेनेच माझी जीभ टाळूला चिकटायची. आमच्या घरात वडील असताना ते "जाऊन येतो" एवढंच म्हणायचे. मीही तेवढंच म्हणत आलो.

बोलता येत नव्हतं म्हणून मी घाम काढू लागलो. घामावाटे युरिक ॲसिड निघून जातं, असं घोळक्यात कोणीतरी म्हणालं होतं. मला ते पटलं, कारण मला ते पटायला हवं होतं. मी एप्रिलच्या उन्हात विंडचीटर घालून टेकडी चढू लागलो. दोन-दोन फेऱ्या मारू लागलो. अंगठ्याची सूज पूर्ण उतरलेली नसतानाही दात खाऊन चढायचो. घरी येईपर्यंत आतला टी-शर्ट पिळून निघावा असा. बायको तो बादलीत टाकण्यापूर्वी आईला दाखवायची. "बघा आई, किती मेहनत घेतायत." मला त्या वेळी खरोखर असं वाटायचं की काहीतरी फिटतंय. डोकं दुखायचं, लघवी गडद व्हायची, पिंढरीत गोळे यायचे. आणि थोड्याच दिवसांत अंगठा पुन्हा सुजायचा. मग बायको डबे बघायला उभी राहायची.

एका सकाळी आई न्हाणीघरात खाली बसली ती तिला उठता येईना. पडली नव्हती, नुसती बसली होती. पायात जोर राहिला नाही म्हणाली. आम्ही दोघांनी धरून उठवलं. मी तिच्या दंडाला धरलं होतं. माझ्या हाताला दंड लागलाच नाही, नुसती बाही लागली.

रिक्षाने त्याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाडी, रक्तदाब सगळं बघितलं. वजन केलं, जुन्या वजनाशी ताडून बघितलं आणि विचारलं, "आजी, जेवता काय सध्या?"

"ताकभात," आई म्हणाली. "आणि भाजी असते काहीतरी पाणचट."

"डाळ?"

"डाळ आमच्याकडे बंद आहे. याला चालत नाही."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कोणी बंद केली? मी सांगितली होती?"

"तुम्ही नाही सांगितली," बायको घाईने म्हणाली. "पण मग यांचं वाढतं कशाने, डॉक्टर? व्यायाम एवढा. घाम एवढा काढतात. पाणी भरपूर. मी विचार करून करून थकले."

"डाळीने असं होत नाही सहसा. आजींना तर लागतेच, ती आजपासून सुरू करा." मग ते माझ्याकडे वळले. "पाणी पिता ना नीट?"

समोर आई बसली होती, पदराने गळ्याचा घाम टिपत. बायको उत्तराची वाट न बघता तिची पिशवी आवरत होती, कारण उत्तर तिला माहीत होतं.

"हो," मी म्हणालो.

पहिल्यांदा खोटं बोललो तेव्हा त्याचं काय होणार हे मला माहीत नव्हतं. या वेळी ते माझ्यासमोर खुर्चीत बसलेलं होतं. माझ्याबद्दल कोणी काय वाटून घ्यायचं ते घ्यावं, पण या "हो"बद्दल मला कोणतीही सबब सांगायची नाही.

संध्याकाळी बायको ओट्याशी उभी राहून आईपुरती डाळ धूत होती. मूठभरच. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. ऑफिसला गेलोच नव्हतो.

"मी पाणी पीत नाही," मी म्हणालो.

"मग प्या ना. माठात आहे."

"तसं नाही. पीत नाही म्हणजे, कधीच पीत नव्हतो. तू भरून देतेस ते मी ओतून देतो."

तिने नळ बंद केला. मी बोलत गेलो. बस, पूल, ड्रायव्हर, फलक, ती पोरगी, सगळं. लघवी हा शब्द दोनदा म्हणालो. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. डाळीचं भांडं हातात तसंच होतं.

"उन्हाळ्यात मी वाळा घालत होते," ती म्हणाली. "तेसुद्धा?"

"तेसुद्धा."

"कुठे ओतायचात?"

"टेकडीवर. एक झाड आहे दाराजवळ."

"झाड तरी बरं आहे ना?"

तिने डाळीचं भांडं ओट्यावर ठेवलं. मग म्हणाली, "आणि हे मला सांगायची लाज वाटली? मला? तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा भांडं कोणी धरलं होतं?"

"तू."

"मग?"

"माहीत नाही," मी म्हणालो. खरोखरच माहीत नव्हतं. आजही नीट माहीत नाही.

तिने भांड्यात आणखी तीन मुठी डाळ घातली आणि नळ सुरू केला. "आईंना तुम्ही सांगायचं," माझ्याकडे पाठ करून ती म्हणाली. "मी नाही सांगणार. उद्या डॉक्टरांकडेही एकट्याने जायचं. माझ्यासमोर तुम्हाला खरं बोलवत नाही, असं दिसतंय."

आईला जेवताना सांगितलं. तिच्या ताटात वरणभात होता आणि ती तो सावकाश कालवत होती. मी सांगत असताना तिने कालवणं थांबवलं नाही.

"म्हणजे तू लघवीचं सांगायला लाजलास," आई म्हणाली, "आणि म्हणून मी ताकभात खाल्ला?"

"हो."

"बावळट," ती म्हणाली, आणि बायकोकडे ताट सरकवलं. "वाढ गं अजून. तूप सोडताना हात आखडू नकोस."

डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, फक्त पेन खाली ठेवलं. युरिक ॲसिड लघवीतून जातं, घामातून जवळजवळ नाहीच, म्हणाले. पाणी न पिता घाम काढायचा म्हणजे आमटी आटवल्यासारखं आहे, पाणी उडतं आणि बाकीचं दाट होत जातं. विंडचीटर कपाटात ठेवा. व्यायाम करा, पण अंगठा सुजलेला असताना नाही. व्यायामाआधी पाणी, मध्ये पाणी, नंतर पाणी. उसाचा रस म्हणजे पाणी नव्हे, त्यातली साखर उलट त्रास वाढवते. वारंवार लघवीला लागणं हा वेगळा प्रश्न आहे, या वयात बहुतेकांना असतो, त्याची तपासणी करू, त्यालाही गोळी आहे. युरिक ॲसिड कमी करणारी एक रोजची गोळी दिली आणि सांगितलं, "ही सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत एखादा झटका येऊ शकतो. सगळं नीट करूनही येऊ शकतो. घाबरून गोळी बंद करायची नाही."

टेकडीवर मी अर्ध्या चढावर बाटलीचं झाकण उघडलं. म्होरके वळलेच. "काय हो, हिमालय?"

"मला गाऊट आहे," मी म्हणालो. "पाणी प्यावं लागतं. आणि प्यायलो की जावं लागतं, तेव्हा मी मध्येच मागे राहिलो तर थांबू नका."

बाया पुढे बघून चालू लागल्या. खाली उतरताना म्होरके माझ्या बरोबरीला आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "ते जावं लागण्याचं... त्यासाठी कोणाकडे दाखवता तुम्ही?"

बसमध्येही मी ड्रायव्हरशी बोललो. तो म्हणाला, "मला काय, साहेब, मी पंपावर घेतो की बाजूला." दारापाशी बसतो मी आता.

तेव्हा बाहेरचं सगळं वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं. घरातलं निघालं नाही. डबे परत फळीवर आले. आई हळूहळू पुन्हा काठी टेकत स्वयंपाकघरापर्यंत येऊ लागली. पण बायकोने बाटल्या भरणं सोडलं. रागाने नाही. त्या घासून पालथ्या ठेवायची, मी उठून भरायचो. आणि नुसत्या माझ्या शब्दावर विसंबणं तिने बंद केलं. म्हणजे ऐकायची, पण मग खात्री करायची. जेवलात का म्हणून विचारायची, मी हो म्हटलं तरी डबा उघडून बघायची. मेकॅनिकला फोन केला म्हटलं तर तासाभराने स्वतः करायची. त्यात टोमणा नसायचा. पूर्वी मी "हो" म्हटलं की तिचं त्या विषयापुरतं काम संपायचं, आता संपत नव्हतं, इतकंच. आमच्या संसारात मी तिला फार मोठं असं काही दिलं नव्हतं. माझ्या शब्दाचा तिला विसावा होता, तो मी झाडाच्या बुंध्याशी ओतला.

पावसाळा संपत आला तेव्हा एका सकाळी जाग आली ती डाव्या पायाच्या ठणक्याने. या वेळी डावा. हळूच पांघरूण बाजूला केलं. तेच लाल टेंगूळ. बायको बाहेर चहा टाकत होती. मी पांघरूण परत ओढून घेतलं आणि पडून राहिलो. दुखण्याची भीती नव्हती, ते ओळखीचं होतं. मी रोज पाणी पीत होतो. गोळी चुकली नव्हती. रसवंती सोडली होती. डॉक्टर म्हणाले होते की असं होऊ शकतं, पण ते त्यांनी मला एकट्याला सांगितलं होतं, आणि तिच्याजवळ माझ्या शब्दाखेरीज काही नव्हतं. पाय मुरगळला म्हणावं, असं क्षणभर वाटूनही गेलं.

मग मी तिला हाक मारली.

ती हात पुसत आली. मी पांघरूण काढलं. तिने पायाकडे बराच वेळ बघितलं.

"पाणी?" तिने विचारलं.

"पीत होतो. रोज."

ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. डॉक्टरांना फोन कर, विचार त्यांना, असं ओठांवर आलं होतं. ते गिळलं. बाहेर चहाला उकळी फुटल्याचा आवाज आला. ती जागची हलली नाही.

"बरं," ती म्हणाली.

गॅस बंद करून ती परत आली, ती नॅपकिनमध्ये बर्फ बांधून. पायाखाली उशी सारली, बर्फ अलगद टेकवला. मी या वेळी ओरडलो नाही. ऑफिसला काय कळवायचं ते तिने विचारलं, मी सांगितलं. मग ती पलंगाच्या कडेला बसली, गादी हलून पायाला धक्का लागणार नाही अशा बेताने, आणि बर्फ वितळेपर्यंत तिथेच बसून राहिली.